लर्निंगच्या आदल्या दिवशीचा कावळा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. काम म्हणावं एवढंही नाही ते. दुपार कलली की आमच्या ओट्यावर ऊन पायापाशी येतं. माझी बायको चांगुणा सूप पुढ्यात घेऊन बसली, मी शेंगांची पाटी. तिची बोटं भराभर चालायची. माझी बोटं जाड, दाण्याबरोबर अळीही सुपात जायची. ती न बघताच अळी वेचून बाहेर टाकायची. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुमी नुसत्या शेंगा पुढं सरकवा. तेवढं तरी नीट करा."

उंबऱ्यावर आमची नात तनू मोबाईल घेऊन बसली होती. तिला अठरा नुकतीच पूर्ण झालेली. श्रीरामपूरला आरटीओत लर्निंग लायसनच्या परीक्षेची तारीख तिनं घेतली होती. मोबाईलवर रस्त्याच्या खुणांची चित्रं यायची, ती आम्हाला दाखवायची आणि आम्ही काहीबाही सांगायचो. चांगुणाला वाचता येत नव्हतं, पण चित्र बघायला अक्षर कशाला लागतं.

"ही कशाची गं?"

"गतिरोधक, आजी. गाडी हळू करायची."

"मला वाटलं उंट बसलाय."

मग एक उलटा त्रिकोण आला, लाल काठाचा. तनू म्हणाली, "याचा अर्थ रस्ता द्या."

"कुणी कुणाला द्यायचा?"

"आपण दुसऱ्याला. आधी त्याला जाऊ द्यायचं, मग आपण."

चांगुणा हसली. "ती नको दावू मला. ती मला लगीन झाल्यापासून येती. फुडची दाव."

शेंगा संपल्या. तिनं हिरव्या तुरीची आमटी केली, आम्ही जेवलो, ती म्हणाली मीठ कमी पडलं, मी म्हटलं बरोबर आहे. भांडण नाही, आजारपण नाही, काही नाही. सकाळी चहाला उठली नाही. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायची हिंमत झाली नाही. सून उठून आली तोवर मी तिच्या उशाशी तसाच बसून होतो.

आता पुन्हा गळिताचा हंगाम सुरू झालाय. घरापुढच्या रस्त्यानं दिवसभर उसाचे ट्रॅक्टर चालतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाची भिंत. बैलगाड्याही असतात अजून, तोडणीवाल्यांच्या, बैलांच्या नाकातून वाफा निघतात. वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास येतो. बाहेरच्या माणसाला तो वास सहन होत नाही. आमचं नाक त्यातच वाढलंय. तो आला की कळतं, थंडी पडली, तूर भरली, हरभऱ्याला घाटे धरले. कुठंतरी पाचट पेटवलेलं असतं आणि धुण्यावर काळी राख येऊन पडते. चांगुणा त्या राखेला शिव्या देत धुणं पुन्हा झटकायची. आता धुणं सून वाळत घालते. राख पडते ती पडते, कुणी शिव्या देत नाही.

हंगाम आला की गेलेलं माणूस जास्त आठवतं असं प्रवचनात सांगतात. मला ती बिनहंगामाचीही आठवते. हंगामात फक्त राग जास्त येतो.

तनू याच रस्त्यानं गाडीवर कॉलेजला जाते. ओढणी तोंडाला गुंडाळून, ट्रॉलीच्या मागं जरा दम धरते, हॉर्न देते आणि बाजूनं निघून जाते. रस्त्यात ऊस पडलेला असतो, त्यावरून चाक सरकतं, म्हणून ती मधून न जाता कडेनं जाते. हे तिला आरटीओनं शिकवलेलं नाही, इथल्या रस्त्यानं शिकवलंय. मी ओट्यावरून बघतो. समोरच्या पारावरचे दोघं-तिघंही बघतात. ते काय बघतात ते मला माहीत आहे. माझा चुलतभाऊ नाना आठ दिवसाला एकदा येतो, चहा घेतो आणि उठताना म्हणतो, "वरीस भरत आलं, किसन." मी म्हणतो, "भरू दे की."

चांगुणाला नातीच्या गाडीचं एवढं का लागलं होतं, ते सांगतो. तिचं माहेर पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं. लग्नानंतर ती माहेरी गेली ती आधी माझ्या सायकलवर, पुढं माझ्या लुनावर, मग आमच्या बाळासाहेबाच्या मोटारसायकलवर. मागं, आडवी बसून, एका हातानं पिशवी धरून. आम्ही कधी नाही म्हटलं असं नाही. पण उसाची लागण निघाली, पाण्याची पाळी आली, गाय व्याली, की जाणं पुढच्या आठवड्यावर. मग ती एकटीच फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघायची. एसटी यायची तेव्हा यायची आणि हात केला म्हणजे थांबेलच असंही नाही. तिनं तनूला एकदा सांगितलं, मी गोठ्यात होतो, मला ऐकू आलं. "माझा बाप गेला तवा मी फाट्यावर उभी हुते." एवढंच. रडली नाही. शेणाची पाटी उचलली आणि गेली.

तनूचं नाव श्रीरामपूरच्या कॉलेजात घातलं होतं. सकाळची एसटी हंगामात एक दिवस आली तर दोन दिवस यायची नाही, त्यामुळं पोरगी निम्मे दिवस घरी. बाळासाहेब म्हणायचा, रोज कुणी सोडायचं, कुणी आणायचं, एवढं वर्ष झालं की बास. पोरगा वाईट नाही माझा. दूध घालायचं, रान बघायचं, त्याचा जीव मेटाकुटीला येतो. पण चांगुणानं त्याला ताटावर बसल्यावर सांगितलं, "सोडायचं-आनायचं कशाला? घरात स्कुटी हाय. ती सवताच जाईल."

"आई, रस्ता बघितला का? ट्रॅक्टर किती असत्यात?"

"ट्रॅक्टरवाल्यांच्या आया काय येगळ्या हायेत का? त्येंनी बी शिकूनच चालवलाय."

स्कुटी म्हणजे बाळासाहेबानं मोटारसायकल विकून घेतलेली, डेअरीला दूध घालायची. दोन्हीकडं कॅन अडकवायच्या पट्ट्या, सीटला आंबूस वास. खोडव्याचा ऊस तुटून गेला आणि आमच्या रानातली गाडीवाट उघडी पडली. तिथं तनूची शिकवणी सुरू झाली. मी बांधावर बसून विडी ओढायचो. वाट कुठं पांढरी मातीची, कुठं बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी खोल गेलेली. थंडीत मातीलाही वास असतो, ओल्या पोत्यासारखा. चांगुणा हातात काठी घेऊन पुढं चालायची आणि वाटेतली शेरडं हाकलायची, जसा काही मंत्र्याचा ताफा यायचाय.

एक दिवस ती मागं बसली. पाय एका बाजूला टाकून नाही, दोन्हीकडं टाकून, पातळ वर खोचून. मला म्हणाली, "तिकडं बघा." मी नाही बघितलं तिकडं, इकडंच बघितलं. गाडी नीट चालली होती. पाटापाशी वळण आलं, तनूनं ब्रेक दाबायच्या जागी मूठ पिळली आणि दोघी स्कुटीसकट पाटाच्या पाण्यात. मी धावलो. चांगुणा पाण्यात बसलेली, गुडघा सोलवटलेला, केसात पाचट. म्हणाली, "ब्रेक कुठं असतो त्ये मला बी दाव गं. फुडच्या टायमाला मी मागनं दाबीन." तनू रडायला आली होती, ती हसायला लागली. मग तिघंही हसत बसलो. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारी येडी झाली. म्हणू द्या.

आता नानाचं. नाना माझ्यापेक्षा थोरला, भावकीत त्याचा शब्द चालतो. थोरला दीर म्हणून चांगुणा त्याच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन खाली बघत उभी राहायची आणि एक शब्द बोलायची नाही. आमच्याकडं रीतच तशी. नाना ओट्यावर बसून सांगायचा, बांध इथून घाला, पोराचं लगीन तिथं करा, अमक्याकडं जाऊ नका. चांगुणा गप्प. नाना समाधानानं उठून जायचा. तो वळला की आत येऊन ती मला ऐकवायची, "त्येंला म्हनावं आपल्या घरात काय चाललंय त्ये बघा आदी." सगळा संसार असा झाला. ती जे बोलली ते मी ऐकलं. नानानं फक्त पदर बघितला, आणि त्या पदराला तो हो समजत गेला.

दहावा प्रवरेच्या काठी केला. आमच्या भागात दहावा म्हणजे मांडव, सतरंज्या, कर्णे. आधी प्रवचन, मग माईकवर श्रद्धांजली. ज्यांनी तिला उभ्या जन्मात पाहिलं नाही तेही बोलले की माउली गेली. बाळासाहेबानं आणि भावकीतल्या पोरांनी डोकी केली होती, मीही केलं. नदीवरचा वारा टाळूला झोंबत होता. पिंड मांडले. भाताशेजारी तिच्या आवडीचं म्हणून भजी ठेवली. भजी तिला कधीच आवडली नाहीत. आवडायची मला. पण पानात भजी ठेवायची म्हणजे ठेवायची.

कावळे काठावरच्या बाभळीवर बसले होते, खाली उतरेनात. लोक ताटकळले. कुणीतरी म्हणालं, जीव कशात तरी अडकलाय. अशा वेळी घरच्यांनी शब्द द्यायचा असतो, गेलेल्या माणसाच्या मनात जे राहिलं असेल ते आम्ही करू म्हणून. बाळासाहेब पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "आई, आबाला मी संबाळीन. काळजी करू नगं." कावळे बसलेलेच. सून म्हणाली, "आत्याबाई, तुमची कपिला गाय इकनार न्हाई." तरी नाही.

तेव्हा नाना उठला. त्याच्या हातात माईक. म्हणाला, "चांगुणा, तुजी नात तनू. तिचं लगीन आमी वरसाच्या आत करून देऊ. पोरगं बघून ठिवलंय. तू मोकळ्या मनानं जा."

घरात मोठं माणूस गेलं की लग्नाचं वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं थांबायचं, असं आमच्याकडं धरतात. नानानं त्याच्या साडूचा पुतण्या मनात धरला होता, हे मला आधीपासून माहीत होतं. पण त्याचं वाक्य संपलं आणि त्याच दमात बाभळीवरून एक कावळा खाली उतरला, पानापाशी दोन उड्या मारल्या आणि भजं घेऊन गेला.

सगळ्यांनी हात जोडले. बायका रडायला लागल्या. "सुटली बिचारी." "नातीच्या लग्नात जीव अडकला हुता बघा." नानाचे डोळे भरून आले. नाना लबाड नाही, हेही लिहितो. त्याला खरंच वाटलं की चांगुणानं हो म्हटलं. तनू बायकांत बसली होती. तिचं तोंड असं झालं जसं कुणी तिच्या अंगावर गार पाणी ओतलं.

मी उठलो. गुडघा धरून उठावं लागतं मला, वेळ लागतो. नानाच्या हातातून माईक घेतला. मला माईकवर बोलायची सवय नाही, चौथीपर्यंत शाळा आणि पुढं सगळं रान. जे बोललो ते असं. "कावळ्यानं भजं नेलंय. भात हाय तसाच हाय, बघून घ्या. ज्याला भूक लागली त्येनं खाल्लं. चांगुणानं जित्तेपनी नानाच्या एका शब्दाला व्हय म्हटलं न्हाई. पदराखाली गप ऱ्हायची आन घरात येऊन मला बोलायची. आता मेल्यावर ती नानाला व्हय म्हनंल, ह्ये मला पटत न्हाई. उद्या तनूची लायसनची परीक्षा हाय. ती जानार हाय. बसा."

कर्ण्यातून शिट्टी वाजली, मी माईक फार जवळ धरला होता. महाराजांनी उपरणं सारखं केलं. बायकांतली एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली, मी तिला ओळखतो, तिलाही एक थोरला दीर आहे. नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "किसन, आज तरी तोंड आवर. ती ऐकती आसंल."

"ऐकू दे. म्हनून तर माईकवर बोललो."

संध्याकाळी घरी पाहुणे पांगल्यावर बाळासाहेब माझ्यापाशी बसला. त्याचं डोकं केलेलं, तो लहानपणी जावळ काढल्यावर दिसायचा तसा दिसत होता. म्हणाला, "आबा, तेराव्यापर्यंत सुतक हाय. लोक काय म्हनत्याल. तारीख परत घेता येती."

"तारीख परत घेता येती रं. पोरगी परत घेता येती का? आज तारीख फुडं ढकलली की उद्या ते पावनं बघायला येत्यात. मग चहा-पोहे. मग सुपारी."

"नानांनी सगळ्यांपुढं शब्द दिलाय."

"नानांनी दिलाय ना? मग नानांनी पाळावा."

तो उठून गोठ्यात गेला. धार काढायची राहिली होती.

तनू चुलीपाशी होती. लाकडं पुढं सारत होती, जाळ नीट असतानाही. मला म्हणाली, "आबा, आजी खरंच तसं म्हणली असंल का? माझ्या लग्नाचं? कारण तवाच कावळा आला. दुसऱ्या कुणाच्या शब्दाला न्हाई आला."

त्या दिवसात मी पहिल्यांदा घाबरलो. चांगुणा गेली तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो, तेव्हा नुसता सुन्न होतो. पोरीनं आजीच्या नावावर मान खाली घातली असती तर मी काय, बाळासाहेब काय, कुणी तिला वर करू शकलं नसतं. आजीवर जीव होता तिचा. नानाला तिनं नाही म्हटलं असतं. आजीला म्हटलं नसतं.

मी म्हटलं, "तुजी आजी बोलायची तवा तोंडानं बोलायची. मला बोलायची, तुला बोलायची, म्हशीला बोलायची. कावळ्यापाशी निरोप ठिवनारी बाई नव्हती ती."

"पन मेल्यावर मानूस बदलत आसंल."

"कसं बदलंल? जित्तं आस्ताना मी यवडा जोर लावला, बदलली का?"

ती हसली नाही, पण लाकडं सारायची थांबली. मग मोबाईल काढला आणि मला म्हणाली, "ही खूण कशाची सांगा." मी बरोबर सांगितलं की चूक ते आता आठवत नाही. आमटी उतू जायला लागली तोवर आम्ही तेच करत बसलो होतो. शेवटी सुनेनं येऊन पातेलं उतरवलं. मागं उभी राहून थोडा वेळ तीही बघत होती.

लोक मला विचारतात, तुमच्या मनाला लागत नाही का, पिंडाचा शब्द मोडला. मी म्हणतो, माझ्या मनाला जे लागायचं ते लागलंय, त्यात आता जागा नाही. भक्ती नाही असं नाही माझी. रोज देवापुढं उदबत्ती लावतो, आधी ती लावायची. पण देवाला काही सांगायचं असेल तर तो भजी पळवायला पाखरू पाठवणार नाही, एवढी त्याला अब्रू असेल. आणि चांगुणाला सांगायचं असतं तर तिनं आधी माझी खरडपट्टी काढली असती, की भजी कुणी ठेवली तिथं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आत उठलो. अंघोळ केली, धोतर नेसलो, टोपी घातली. टोपी नव्या डोक्यावर बसेना, फिरायची. सुनेनं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून तनूच्या पिशवीत घातला. स्कुटी जागेवर नव्हती. बाळासाहेब तेराव्याचं सामान आणायला राहुरीला घेऊन गेला होता, एवढ्या सकाळी कुठलं दुकान उघडतं ते त्यालाच माहीत. मी विचारलं नाही. माझी लुना कधीच भंगारात गेलेली. आम्ही दोघं चालत फाट्यावर गेलो. धुकं होतं, उसाची पानं ओली. एसटी आली नाही. तनू सारखी मोबाईलवर वेळ बघत होती. म्हणाली, "आबा, जाऊ द्या. चला घरी."

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

कारखान्यावर ट्रॉल्या रिकाम्या करून एक ट्रॅक्टर परत चालला होता. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. विशीतला पोरगा, कानाला मफलर. टेपवर गाणं चालू होतं, ते त्यानं बंद केलं.

"बाबा, मरायचंय का?"

"न्हाई. श्रीरामपूरला जायाचंय. पोरीची लायसनची परीक्षा हाय."

माझी टोपी सरकली होती. त्यानं डोकं बघितलं. "कोन गेलं?"

"बायको."

तो पाया पडायला खाली उतरायला लागला. मी म्हटलं, "उतरू नगं. हिला आदी वर घे."

तनू एका मडगार्डवर बसली, मी दुसऱ्या. पत्रा बर्फासारखा गार होता. ट्रॅक्टर हलला तसं अंगातलं हाडन् हाड वाजायला लागलं. नानाची वस्ती त्याच रस्त्यावर, फाट्याच्या पुढं. नाना अंगणात शेकोटीपाशी बसला होता, पाहुणेही होते, त्यात त्याचा साडू. त्यांनी मान वर करून बघितलं.

मी ड्रायव्हरला म्हटलं, "टेप लाव."

तो दचकला. "बाबा, तुमच्या घरात सुतक हाय."

"माज्याच घरात हाय ना? लाव. मोठ्यानं लाव."